खोली

ट्राउट इथं नाही, साहेब.
तिला बर्फाचं पाणी लागतं, तुम्हीच म्हणालात.
आमच्या पारसिकच्या डोंगरात बर्फ म्हणजे
पहाटे मासळीच्या टेंपोतून गळतो तेवढाच.
ती पिसांची माशी, ती चकचकीत चमची
ठेवा डबीत, हिमाचलची आठवण म्हणून.
बारा नंबरच्या खदानीत चिलापी आहे, थोडी रोहू,
आणि कडेच्या पाणगवतात एक मरळ,
तिला मी सात वर्षं ओळखते
आणि ती मला.

रीळ ठीक आहे. दोर जाड पडतो.
पंचविसाचा तंगूस घ्या, हिरवट.
गाठ पाच वेढ्यांची, आवळण्याआधी
जिभेवर ओली करायची.
कोरडी ओढलीत की आतून जळते
आणि तुटते मासा लागल्यावरच.
गळ सहा नंबरचा,
शिशाचे दोन मणी, ज्वारीएवढे.
तरंगा मात्र माझ्याकडचा न्या,
मोरपिसाचा दांडा, टोकाला लाल नेलपेंट.
पोरीची बाटली संपवली मी.

आता चारा. लिहून घ्या.
कणीक दोन मुठी, शेंगदाण्याची पेंड एक,
बडीशेप वास सुटेपर्यंत भाजून कुटलेली,
हिंग नखावर राहील इतका.
पाणी नाही घालायचं, रात्रीच्या भाताची पेज.
मऊ किती?
कानाची पाळी धरून बघा.
धरा की, लाजताय काय!
तेवढं.
आणि मळण्याआधी काठची माती चोळून
हातांचा साबण घालवा.
तुमचं हे अत्तर
रोहूला तुमच्या आधी भेटेल.

ऊन पाठीवर घेऊन बसू नका,
सावली माणसाच्या आधी पाण्यात उतरते.

राहिली खोली. म्हणजे पाण्याची.
पूर्वेच्या कड्याखाली कातळाची पायरी आहे, सहा हातांवर.
चारा तिथं टेकवायचा.
एक वाव पुढं गेलात तर एकदम तीस हात,
तिथं गळ नुसता लोंबकळतो.
कुणी मोजलं म्हणता?
पायरीवर डंपर वळायचा.
माझा बाप, तिम्मा धोत्रे, तिथं ड्रिल मारायचा,
सुरुंगाच्या भोकांवर त्यानं मला आकडे शिकवले:
एकोणीस, वीस, आता पळ.
मधल्या खड्ड्यात पहिलं पाणी लागलं
तेव्हा मालक हसला होता.
मग दोन वर्षं पंप चालला,
मग लायसन संपलं.
पंप नेला त्यांनी. पाणी राहिलं.

आमची खोली, म्हणजे राहायची,
उत्तरेच्या कोपऱ्यात, चार हातांखाली.
पत्रे काढून नेले, ओटा तसाच आहे.
चिलापी तिथल्या गाळात वाटीसारखं घर उकरते,
नर राखण करतो,
मादी अंडी तोंडात घेऊन फिरते,
पिल्लं सुटेपर्यंत काही खात नाही.
म्हणून तिकडं उन्हाळ्यात गळ टाकू नका.
टाकलात तरी लागणार नाही काही,
पण टाकू नका.

तरंगा दोनदा थरथरला, गप्प बसा.
तिसऱ्यांदा थरथरला, तरी गप्प.
आडवा सरकला की मनगट उचला,
उचला फक्त, हिसका नाही.
आणि कितीही उकडलं, किती का निळं दिसो,
पोहायला उतरायचं नाही. काठ धरायला जागाच नाही तिथं,
आम्ही सरळच कापला होता तो.

मरळ?
तिचा चारा मी सांगत नाही कुणाला.

खडी कुठं गेली सगळी?
तुम्ही सानपाड्याला राहता ना, नव्या टॉवरात?
कितवा मजला?
एकोणिसावा.
बरं.

एकशे ऐंशी झाले.
तरंग्याचे धरले नाहीत.
सुट्टे आहेत?